पाण्यात बंद पडलेले इंजिन : चावी फिरविण्यापूर्वी

कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांना २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये जे महापूर आले, त्यांत पिकांची व घरांची हानी तर झालीच. परंतु गोठ्याशेजारी, शेडमध्ये किंवा रस्त्याच्या कडेला उभे असलेले ट्रॅक्टर, जीपगाड्या व पंपांची इंजिनेही पाण्याखाली गेली. त्याच २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण व परिसरातील वाहनांची तीच गत केली. असा पूर ओसरला म्हणजे घर धुऊन काढण्याच्या घाईतच कोणीतरी ट्रॅक्टरवर चढतो आणि ‘चालू होतो का पाहू’ म्हणून चावी फिरवितो. बघ्यांपैकी दोघेचौघे त्याला उत्तेजनही देतात. वास्तविक पाण्यात बुडालेल्या इंजिनाचे खरे नुकसान पुष्कळदा या एका कृतीने होते. ती टाळली असती तर जे यंत्र तेलपाणी बदलून चार दिवसांत कामास लागले असते, त्याच यंत्रास पुढे दट्ट्ये, दांडे व कधीकधी संपूर्ण ब्लॉक बदलण्याचा खर्च येतो. खरीप हातचा गेलेला, कर्जाचा हप्ता डोक्यावर आणि रब्बीची मशागत तोंडावर, अशा वेळी तो खर्च शेतकऱ्यास पेलणारा नसतो. म्हणून पाणी इंजिनात गेल्यावर नेमके काय घडते व कोणत्या क्रमाने उपाय करावेत, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेऊन पावसाळ्यापूर्वीच शेतकऱ्यांना सांगणे अगत्याचे आहे.

यंत्र पाण्यात सापडण्याचे प्रसंग दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात चालू इंजिनासह गाडी ओढ्यात, फरशी पुलावर किंवा पाणंदीतल्या खोल पाण्यात शिरते आणि तेथेच बंद पडते. दुसऱ्या प्रकारात बंद करून उभे ठेवलेले यंत्र पुराच्या पाण्यात बुडते. दुसरा प्रकार दिसावयास अधिक भयंकर; चिखलाने माखलेला ट्रॅक्टर पाहून मालकाचे अवसान गळते. परंतु इंजिनाच्या दृष्टीने तोच बरा म्हणावयाचा, कारण फिरत नसलेल्या इंजिनात पाणी कितीही भरले तरी त्यामुळे आतला कोणताही भाग वाकत अथवा मोडत नाही. तेथे शत्रू फक्त गंज आणि गाळ, व त्यांच्याशी सामना करण्यास काही अवधी मिळतो. पहिल्या प्रकारात मात्र इजा झालेली असण्याचा संभव असतो आणि ती बाहेरून दिसत नाही.

पाणी दाबले जात नाही

सायकलच्या हवा भरण्याच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा आत ढकलला, तर हवा दबते व दांडा बराच आत जातो. त्याच पंपात पाणी भरून तोंड घट्ट बंद केले, तर कितीही जोर केला तरी दांडा तसूभर हलत नाही. इंजिनात हेच घडते. दट्ट्या, ज्यास मिस्त्री पिस्टन म्हणतात, तो खाली येताना झडपेतून हवा आत घेतो आणि वर जाताना ती दाबतो. डिझेल इंजिनात ही हवा मूळ जागेच्या सोळा-सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. त्यामुळे तिचे उष्णतामान ५०० अंश सेल्सिअसच्या वर चढते व त्या उष्णतेने डिझेल पेटते.

आता २,५०० घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे ट्रॅक्टरचे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. प्रत्येक सिलिंडरात दट्ट्या सुमारे ८३० घन सेंटिमीटर हवा ओढतो. दाबाचे प्रमाण १७ ला १ असल्यास, दट्ट्या वरच्या टोकास पोहोचला असता त्याच्या डोक्यावर उरणारी जागा अवघी ५२ घन सेंटिमीटर असते. चहाच्या अर्ध्या कपात याहून जास्त पाणी मावते. तेवढ्या जागेत मावेल त्यापेक्षा थोडे जरी अधिक पाणी सिलिंडरात शिरले, तरी दट्ट्यास वरच्या टोकापर्यंत जाण्यास जागाच उरत नाही. तो मध्येच थबकतो. परंतु जड फ्लायव्हील आणि इतर सिलिंडर त्याला वर रेटीतच असतात. मग दट्ट्या व क्रँकशाफ्ट यांना जोडणारा दांडा, म्हणजेच कनेक्टिंग रॉड, वाकतो. मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात वरखाली होणाऱ्या एका खेपेस सेकंदाचा सुमारे सदुसष्टावा भाग लागतो. त्यामुळे चालकाला काही कळण्यापूर्वीच सारे होऊन गेलेले असते. इंजिन मंद गतीने चालत असेल तर मात्र पुष्कळदा ते नुसतेच अडकून बंद पडते आणि दांडा वाचतो.

स्टार्टर एवढा बलवान थोडाच असतो, अशी शंका कित्येक जण काढतात. परंतु धोका केवळ स्टार्टरच्या बळाचा नाही. चारपैकी एका सिलिंडरात पाणी आहे व तीन कोरडे आहेत असे समजा. चावी फिरविताच कोरड्यांपैकी एखाद्यात डिझेल पेटते, इंजिन एकदम उसळी घेते आणि त्या उसळीचा सारा जोर पाणी असलेल्या सिलिंडरातील दांड्यावर येतो. गाडी गिअरमध्ये घालून ढकलण्याने किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करण्याने तर याहूनही वाईट परिणाम होतो, कारण तेथे रेटणारे बळ स्टार्टरच्या कितीतरी पट असते.

पेट्रोल आणि डिझेल यांतील फरक

जुन्या पेट्रोल जीपगाड्यांचा अनुभव असलेली माणसे सांगतात की पाण्यात गाडी नुसती बंद पडते, वाळली की चालू होते. त्यांचे म्हणणे त्या गाड्यांपुरते खोटे नाही. १९५२ साली समुदाय विकास योजना सुरू झाल्यानंतर गटागटांतून ज्या जीपगाड्या धावू लागल्या त्या पेट्रोलवर चालत. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. पंख्याने उडविलेले पाणी डिस्ट्रिब्यूटरवर व तारांवर पडले की ठिणगी बंद होते आणि इंजिन पाणी पिण्याच्या आधीच थांबते. कापडाने पुसून, टोपण उघडून उन्हात वाळविले की काम भागते. ठिणगीचा हा नाजूकपणाच एक प्रकारे त्या इंजिनाचे रक्षण करी.

साध्या डिझेल इंजिनास ठिणगीची गरज नाही. तारा भिजल्या तरी ते चालतच राहते आणि चालकास वाटते की आपली गाडी पाण्याला दाद देत नाही. प्रत्यक्षात हवा घेण्याच्या नळीचे तोंड पाण्याखाली जाईपर्यंत ते चालते, व त्यानंतर हवेऐवजी पाणी ओढते. म्हणून डिझेल गाडी खोल पाण्यात बंद पडली, की ती ‘भिजली’ असे न समजता ‘पाणी प्याली’ असेच धरून चालावे आणि तसे नाही हे सिद्ध झाल्यावरच चावीला हात लावावा. आजच्या गाड्यांत विजेवर चालणारे नियंत्रक बसविलेले असतात व ते भिजल्यानेही इंजिन थांबते. पण बंद पडण्याचे कारण यांपैकी कोणते, हे चालकाच्या आसनावर बसून ठरविता येत नाही.

पाण्यात शिरण्यापूर्वी

वाहते पाणी फरशी पुलावरून जात असेल तर त्यात कोणतेही वाहन घालू नये. सुमारे १ फूट खोल जोराचे पाणी लहान मोटारीला व २ फूट पाणी जीपलाही वाहून नेण्यास पुरते. खाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेली आहे, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. या बाबतीत इंजिनाची चर्चा व्यर्थ आहे. तेथे प्रश्न माणसांचा असतो.

पाणी संथ असेल आणि जाणे भागच असेल, तर आधी एकाने काठीने तळ चाचपीत उतरून खोली पाहावी. आपल्या वाहनास किती खोल पाणी चालते हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. उदाहरणार्थ, २०२० साली बाजारात आलेल्या थार या गाडीसाठी ही मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितलेली आहे. ही मर्यादा संथ पाण्यासाठी व सावकाश चालीसाठी असते हे विसरू नये. पुस्तिका नसेल तर चाकाच्या मध्यापेक्षा वर पाणी येऊ देऊ नये. ट्रॅक्टरची हवा घेण्याची टोपी बॉनेटच्याही वर असते, म्हणून ट्रॅक्टर कितीही खोल पाण्यातून जाईल असा समज आहे. पण टोपी उंच असली तरी क्लचचे घर, डायनॅमो किंवा अल्टरनेटर, स्टार्टर आणि पुढील चाकांचे बेअरिंग खालीच असतात. शिवाय टोपीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीस चीर गेली असेल किंवा तिची पट्टी ढिली असेल, तर हवा त्या चिरेतूनच ओढली जाते आणि पाणीही. उन्हाळ्यात ही नळी तपासणे हा फुकट मिळणारा विमा आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी पहिला गिअर, आणि सोय असेल तेथे चारही चाकांचा जोर घालावा. वेग माणसाच्या भरभर चालण्याएवढा, एकसारखा ठेवावा. अशा चालीने गाडीपुढे एक लहानशी लाट तयार होते व तिच्या मागे, बॉनेटखाली, पाण्याची पातळी किंचित खाली राहते. जोरात घुसल्यास हीच लाट बॉनेटवर येते आणि हवेच्या नळीत शिरते. गाड्या बुडतात त्या पुष्कळदा खोलीमुळे नव्हे, तर या उतावळेपणामुळे. पट्ट्यावर चालणारा पंखा पाण्यात सापडला तर त्याची पाती पुढे वाकून रेडिएटरला भोके पाडतात. म्हणून खोल पाण्यापूर्वी पंख्याचा पट्टा ढिला करण्याची जुन्या जीपचालकांची रीत शहाणपणाची होती. मात्र ज्या इंजिनांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालतो, तेथे पाणी ओलांडताच पट्टा पुन्हा ताणून बसवावा लागतो. पाण्यात गिअर बदलू नये व ॲक्सिलरेटर सोडू नये. धुराच्या नळीचे तोंड पाण्याखाली असले तरी इंजिन चालू असेतोवर आतील धुराचा दाब पाणी बाहेर थोपवितो. इंजिन थांबले की पाणी सायलेन्सरमध्ये चढू लागते.

गाडी बंद पडली असता

चावी बंद करावी व काढून खिशात ठेवावी. हे दुसऱ्यांपासून जपण्यासाठी आहे. गाडीशेजारी नेहमीच कोणीतरी उत्साही गृहस्थ असतो. गाडी न्यूट्रलमध्ये आणून बैलजोडीने, माणसांनी किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून उंच, कोरड्या जागी घ्यावी. तेथे प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी.

नंतर एअर क्लीनर उघडावा. निदानाची सुरुवात येथूनच होते. जुन्या ट्रॅक्टरांच्या एअर क्लीनरखाली तेलाची वाटी असते. तिच्यातील तेल पांढुरके झाले असेल किंवा तेलाखाली पाणी साचले असेल, तर पाणी त्या मार्गाने गेले आहे. कागदी गाळणी असल्यास ती ओली, फुगलेली किंवा चिखल लागलेली आहे का ते पाहावे. त्यापुढील नळी काढून आत बोट फिरवावे. गाळणी, नळी व झडपांकडे जाणारा मार्ग पूर्ण कोरडा आढळला आणि धुराच्या नळीचे तोंडही पाण्यात गेले नसेल, तर इंजिनाने पाणी घेतलेले नाही व दोष विजेच्या बाजूस शोधावा. टर्बो असलेल्या गाड्यांत टर्बोपासून निघालेली हवा थंड करण्यासाठी रेडिएटरसारखी एक जाळी असते. ती बहुधा सखल असते व पाणी तिच्यात साठून राहते. तिच्या नळ्या सोडवून ती रिकामी केली नाही, तर सिलिंडर साफ करूनही इंजिन पहिल्याच दमात ते साठलेले पाणी ओढते. चांगल्या मिस्त्रींच्याही नजरेतून ही गोष्ट निसटते.

त्याच वेळी तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल किंवा त्याची पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर चेंबरमध्ये पाणी गेले आहे. इंजिन बंद असताना बुडाले असेल तर तेल व पाणी मिसळलेले नसते, पाणी जड म्हणून तळाशी बसलेले असते आणि पट्टीवरचे वरवरचे तेल स्वच्छ दिसते. अशा वेळी चेंबरचा खालचा नट हळूहळू ढिला करावा. पाणी असेल तर तेलाच्या आधी तेच बाहेर येईल.

सिलिंडर रिकामे करणे

एअर क्लीनर किंवा तेल यांत पाण्याचा अंश आढळला, अथवा यंत्र पुरात संपूर्ण बुडाले असेल, तर सिलिंडरांत पाणी आहे असेच समजावे. बंद इंजिनात कोणत्या ना कोणत्या सिलिंडराची झडप उघडी असतेच; तेथून पाणी आत जाते.

डिझेल बंद करण्याचा दांडा ओढून ठेवावा, नोझलभोवतीचा चिखल धुऊन घ्यावा आणि सर्व सिलिंडरांच्या नोझल काढाव्यात. एकच नोझल काढून भागत नाही. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग काढावेत. ज्या डिझेल इंजिनांत ग्लो प्लग आहेत तेथे ते काढूनही वाट मोकळी करता येते. आजच्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत डिझेलचा दाब १,००० बारच्याही वर असतो. तेथे मिस्त्रीखेरीज कोणीही नळ्यांस हात लावू नये, कारण तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते.

भोके मोकळी झाल्यावर पुढील पुलीच्या नटास पाना लावून इंजिन हाताने, ज्या दिशेने ते चालते त्याच दिशेने, सावकाश फिरवावे. पाना लावण्यास जागा नसेल तर नोझल काढल्यानंतर, आणि केवळ त्यानंतरच, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून हळू ढकलली तरी चालते. पाणी भोकांतून उसळून बाहेर पडते, म्हणून तोंड दूर ठेवावे. फिरविताना कोठे अडल्यासारखे वाटले तर जोर करू नये. थांबून कारण शोधावे. दोन-तीन पूर्ण फेरे मोकळे झाले म्हणजे बॅटरी जोडून स्टार्टरने थोडे थोडे फिरविण्यास हरकत नाही. भोकांतून पाण्याचा तुषारही येईनासा झाला, की प्रत्येक सिलिंडरात दोन चमचे स्वच्छ इंजिन तेल घालून पुन्हा एकदा हाताने फिरवावे. विहिरीवरील हँडल मारून चालू करावयाच्या इंजिनास झडप उचलून धरण्याचा लहान दांडा असतो. तो उचलून इंजिन हाताने सावकाश फिरविल्यास सिलिंडरातील पाणी उघड्या झडपेतून निघून जाते. दांडा पाडण्याची घाई मात्र करू नये.

पुरानंतर मिस्त्री मिळणे कठीण असते. एकेका मिस्त्रीच्या दारात वीस-वीस गाड्या उभ्या राहतात. यंत्राची पाळी आठ दिवसांनी येणार असेल तर निदान एवढे काम, म्हणजे नोझल काढणे, पाणी काढणे व सिलिंडरांत तेल घालणे, पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरकून घ्यावे. पाण्यातून वर आलेल्या सिलिंडराच्या भिंतीवर हवा लागताच गंज धरू लागतो. आठ दिवस तसेच राहिलेले दट्ट्ये चिकटून बसतात.

तेल, डिझेल व खालची घरे

इंजिनाचे तेल व त्याची गाळणी बदलावी. इंजिन चालू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे मंद गतीने, कोणताही भार न देता चालवावे व तेलाचा रंग पुन्हा पाहावा. पांढुरकेपणा असेल तर तेल पुन्हा बदलावे. दोन किंवा तीन वेळा बदलावे लागते. पहिल्या वेळेस स्वस्तातले पण नवे तेल वापरले तरी चालेल, जुने गाळलेले तेल मात्र घालू नये. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगवर टिकत नाही आणि बेअरिंग काही तासांच्या नांगरटीतच जाते.

डिझेलच्या टाकीच्या तळाचा नट काढून साचलेले पाणी जाऊ द्यावे. टाकी पूर्ण बुडाली असल्यास सर्व डिझेल काढून टाकी धुवावी, गाळण्या बदलाव्यात व मार्गातील हवा नेहमीप्रमाणे काढावी. डिझेल पंपाचे आतील भाग डिझेलनेच वंगण पावतात, म्हणून पाणी त्यांचे फार लवकर नुकसान करते.

गिअर बॉक्स, डिफरन्शियल व पुढील चाकांची घरे यांकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. गाडी रस्त्यावर चालून तापलेली असते. ती थंड पाण्यात शिरली म्हणजे या घरांतील हवा आकसते आणि सीलच्या कडेने किंवा हवा खेळती ठेवणाऱ्या बारीक नळीतून पाणी आत ओढले जाते. त्यामुळे इंजिन सुखरूप असतानाही मागील डिफरन्शियलमध्ये पाणी निघू शकते. प्रत्येक घराचा नट ढिला करून तेल पाहावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरचे, लिफ्टचे व ब्रेकचे तेल एकच असते आणि ते तीस-चाळीस लिटर किंवा त्याहून अधिक लागते. एवढे तेल ओतून द्यावयाचे म्हणून शेतकरी कचरतो, ते स्वाभाविक आहे. अशा वेळी ट्रॅक्टर एक रात्र न हलविता उभा ठेवून तळाचे पाणी आधी काढून पाहावे. तेल त्यानंतरही पांढरे राहिले तर बदलण्यास पर्याय नाही. लिफ्टचा पंप त्या तेलाच्या किमतीहून महाग असतो.

क्लचच्या घराखाली लहान भोक असते व त्यात पुष्कळदा एक पिन लोंबत असते. ते गाळाने बुजले असल्यास मोकळे करावे. स्टार्टर व अल्टरनेटर उघडून, धुऊन, वाळवून बसवावेत. विजेच्या जोडण्यांवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये. चिखल बाहेर जाण्याऐवजी अधिक आत जातो. सर्व ग्रीस निपलांत जुने पाणी मिसळलेले ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे. गाडी रस्त्यावर काढल्यावर पहिला काही पल्ला ब्रेक हलकेच दाबून सावकाश चालवावा, कारण ओले ब्रेक प्रथम धरीत नाहीत.

काढलेले तेल ओढ्यात अथवा विहिरीजवळ ओतू नये. ते डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्यास द्यावे.

वाकलेला दांडा

चालू स्थितीत पाणी प्यालेले इंजिन वरील उपायांनंतर सुरळीत चालू झाले, तरी ते निर्दोष आहे असे लगेच मानू नये. दांडा किंचित वाकला असेल तर इंजिन चालते, गाडी रस्त्यावरही धावते. फक्त मंद गतीवर थोडी थरथर, एखाद्या बाजूने ठकठक, नेहमीपेक्षा थोडा अधिक धूर किंवा चढावर ओढ कमी, एवढीच लक्षणे दिसतात. वाकलेला दांडा प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा शिणत जातो. काही आठवड्यांनी, ऐन नांगरटीत भार असताना, तो तुटतो आणि तुटलेले टोक ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येते. तेव्हा दोष नांगरटीला किंवा चालकाला दिला जातो. पावसाळ्यातला तो ओढा कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

याची परीक्षा अवघड नाही. प्रत्येक सिलिंडराचा दाब मापकाने मोजावा. एकाचा दाब इतरांहून स्पष्ट कमी भरला तर संशय घ्यावा. दांडा वाकला म्हणजे त्याची लांबी घटते व दट्ट्या पूर्ण वर येत नाही, म्हणून दाब कमी होतो. झडप किंवा रिंग यांच्या दोषानेही दाब कमी होतो. तेव्हा खात्रीसाठी हेड उतरवून प्रत्येक दट्ट्या वरच्या टोकास आणून ब्लॉकच्या पृष्ठभागापासून तो किती वर किंवा खाली आहे हे मोजावे. एक दट्ट्या इतरांपेक्षा खाली राहिला, तर त्याचा दांडा वाकलेला आहे. या अवस्थेत एक दांडा, बेअरिंगची जोडी व गॅस्केट एवढ्यावर काम निभावते. वाकलेला दांडा ठोकून सरळ करून पुन्हा बसविण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

कोकणात खाडीचे पाणी पुरात मिसळते. खाऱ्या पाण्यात बुडालेले यंत्र प्रथम गोड्या पाण्याने भरपूर धुवावे, कारण मिठाचा थर राहिल्यास यंत्र वाळल्यानंतरही हवेतील ओलावा ओढून गंजत राहते. विजेच्या तारांच्या जोडण्या तेथे एकेक सोडवून धुणे आवश्यक असते.

विम्याविषयीही शेतकऱ्यांना सावध करावे. नेहमीच्या वाहन विम्यात पुराने झालेले नुकसान धरले जाते, परंतु बुडालेले इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नाने झालेले नुकसान कंपन्या बहुधा मालकाची चूक समजून नाकारतात. इंजिनाच्या संरक्षणाचे वेगळे कलम जादा हप्ता भरून घ्यावे लागते, व त्यातही कोणत्या अटी आहेत हे पॉलिसी घेतानाच वाचून पाहावे. यंत्र पाण्यातून काढण्यापूर्वी पाण्याची रेषा कोठपर्यंत आहे हे दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, नोंदणी क्रमांक त्यात यावा, आणि कंपनीस लगेच कळवून तिचा माणूस पाहणी करून जाईपर्यंत इंजिन उघडण्याविषयी तिची लेखी संमती मागावी. पाहणीस उशीर होणार असेल तर सिलिंडरांतील पाणी काढण्याची संमती तरी त्याच दिवशी मिळवावी आणि काढलेल्या नोझल, गाळण्या व पांढरे झालेले तेल पाहणी होईपर्यंत जपून ठेवावे.